रविवारच्या सिनेमातला कुत्रा

सुमतीबाईंनी टीव्हीकडे पाठ केली, ती अक्षरशः पाठ. गणपती होऊन गेले त्या सुमारास त्यांनी आपली खुर्ची फरफटत गॅलरीच्या दाराशी नेली, तोंड समोरच्या इमारतीवरच्या कबुतरांकडे केलं आणि बसल्या त्या बसल्याच. तेव्हापासून रविवारी संध्याकाळी घरात कोणी टीव्हीला हात लावला की तिथूनच आवाज यायचा, "बंद करा तो. माझं सगळं बघून झालंय."

आता हे कोणी म्हणावं? जिने जन्मभर रविवारचा एक सिनेमा सोडला नाही, जी आमटीला फोडणी द्यायची ती जाहिराती लागल्यावर, जिच्या हातातून रिमोट घ्यायची जावयाचीसुद्धा टाप नव्हती, तिने! जावई सर्वेश बिचारा क्रिकेटची मॅच मोबाइलवर बघायचा, तीही आवाज बंद करून. आता रिमोट टीपॉयवर बेवारशासारखा पडलेला असायचा आणि त्याला हात लावायची कोणाला इच्छा होत नव्हती.

कारण तसं साधं होतं आणि त्यावर इलाज नव्हता. सुमतीबाईंच्या डोळ्यांचा मागचा पडदा खराब झाला होता. समोर बघितलं की बरोबर मधोमध काळा डाग. माणूस पुढ्यात येऊन उभा राहिला तर त्याचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, चेहरा तेवढा गायब. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, महिनोन्महिने दिली आणि शेवटी सांगून टाकलं की आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. सुमतीबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्या, चष्मा काढून प्राचीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा कुणाला तरी देऊन टाक. फ्रेम चांगली आहे."

प्राची त्यांची एकुलती एक लेक. पन्नाशीला टेकलेली, बँकेत नोकरी, बोलायला पटाईत, रडायला त्याहून पटाईत. तिने हरतऱ्हेचे उपाय केले. मोठा टीव्ही आणला, तर सुमतीबाई म्हणाल्या, "डागही मोठा झाला." उर्वीने, म्हणजे नातीने, मोबाइलवर पेपर वाचून दाखवणारं काहीतरी बसवून दिलं. दोन दिवस ऐकून आजीने निकाल दिला, "ही बाई श्वास न घेता बोलते गं. मला धाप लागते." झालं, तेही बंद पडलं.

बरं, दिसत नाही एवढंच असतं तर प्राचीने मन घट्ट केलं असतं. पण सुमतीबाई बोलेनाशा झाल्या. जेवायला हाक मारली की येत, दोन घास खात, परत कबुतरांकडे. शेजारच्या बायका आल्या तर "बसा हं" एवढंच. आई इथेच बसलेली आहे पण मनाने उठून चालली आहे, असं प्राचीला रोज वाटायचं.

एका रविवारी प्राचीने गॅलरीत तिच्याशेजारी स्टूल टाकलं आणि उगाच सुरुवात केली. "आई, खाली बघ, म्हणजे ऐक. समोरच्या वाण्याने नवीन बोर्ड लावलाय. हिरवा. त्याच्याखाली दोन बायका भांडतायत."

"नको सांगूस," सुमतीबाई म्हणाल्या. "तुझ्या सांगण्याचा भरवसा नाही. लहानपणापासून थापाडी आहेस."

"मी? थापाडी?"

"नाहीतर काय! श्रीपादभाऊजींना काय काय सांगायचीस सिनेमात. तो कुत्रा आठवतो का?"

एवढं बोलून सुमतीबाई परत मिटल्या. पण कित्येक दिवसांनी आईच्या तोंडून सलग चार वाक्यं निघाली होती आणि शेवटच्या शब्दाला ओठाचा कोपरा थोडा हलला होता. प्राचीने ते बरोबर पाहिलं. ती तशीच उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि ओट्याला टेकून उभी राहिली. कुत्रा! ती तर कुत्र्याला साफ विसरून गेलेली.

याच जागेवर, डोंबिवली पूर्वेला, तेव्हा दोन मजल्यांची जुनी इमारत होती. वरच्या मजल्यावर एका रांगेत बिऱ्हाडं आणि पुढे सगळ्यांची मिळून एक लांब कॉमन गॅलरी. त्या अख्ख्या मजल्यावर टीव्ही एकच, तो अण्णांकडे. अण्णा म्हणजे प्राचीचे वडील. माणूस कडक. चार माणसांत बायकोकडे मान वर करून बघायचे नाहीत, तिला नावाने हाक मारणं तर लांबच. पण टीव्ही आणला तो मात्र सगळ्यांसाठी, असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. लाकडी पेटीतला, सरकत्या दाराचा, काळापांढरा. रविवारी सकाळी अण्णा आंघोळ करून ते दार देवघराचं उघडावं तसं उघडायचे.

आणि मग दिवसभर घर आपलं राहायचंच नाही. सकाळी देवादिकांची मालिका, तिला म्हातारी मंडळी हात जोडून बसायची. दुपारी बहिऱ्या लोकांसाठी हातवाऱ्यांच्या बातम्या, पाठोपाठ कुठल्यातरी भाषेतला, कुणालाच न कळणारा सिनेमा, तो पोरं लोळत लोळत बघायची. आणि संध्याकाळी खरा सिनेमा, हिंदी. त्यासाठी साडेपाचपासून दाराबाहेर चपलांचा ढीग. सुमतीबाई मोठी निळी सतरंजी अंथरायच्या. पुढे पोरं, मागे बायका, भिंतीकडे पुरुष, खुर्च्या दोनच, त्यातली एक अण्णांची. कुणी शेंगा आणायचं, कुणी नुसतंच यायचं. तळमजल्यावरच्या गंगुबाई जिना चढताना पाच वेळा थांबायच्या, पण यायच्या.

आणि दाराशी, चौकटीला पाठ टेकून बसायचे श्रीपादकाका.

श्रीपादकाका शेजारच्या खोलीत भावाकडे राहायचे. जन्मापासून आंधळे. ठाण्याला सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते, पांढरी काठी घेऊन एकटे जायचे, एकटे यायचे. आवाजावरून माणूस ओळखायचे, हे सोडाच, खोकल्यावरून ओळखायचे. पहिल्यांदा सिनेमाला आले तेव्हा पडद्यावर काहीतरी घडलं आणि खोली हसली. काकांनी विचारलं, "काय झालं?" कोण सांगतंय! सगळे पुढचं बघण्यात दंग. दुसऱ्यांदा हसली, त्यांनी परत विचारलं. तेव्हा चौथीतली प्राची सरकत सरकत त्यांच्या गुडघ्याला जाऊन टेकली आणि म्हणाली, "काका, तो जाडा माणूस खाटेवर बसला आणि खाट मोडली."

झालं! त्या दिवसापासून तिला ती नोकरीच लागली. सिनेमा चालू झाला की हिचं कुजबुजणं चालू. आता ती आली, आता तो रुसला, आता घोडागाडी निघाली. काका नुसतं म्हणायचे, "मग?" की ही पुढे सुटायची. आधी लोक कुरकुरले, मग सवय झाली, आणि मग तर गंगुबाईच काकांच्या शेजारी येऊन बसायला लागल्या. त्यांना हिंदी ओ की ठो कळत नव्हतं. "माझा सिनेमा प्राचीच्या तोंडातून," म्हणायच्या. काका म्हणायचे, "बहिऱ्यांसाठी सरकारने बातम्या ठेवल्यात, आंधळ्यांसाठी प्राची ठेवलीय."

फक्त एक भानगड होती. सिनेमा म्हटला की नायक-नायिका कधी ना कधी एकमेकांच्या जवळ येणार. आणि ती जवळ आली रे आली की मागून सुमतीबाईंचे दोन्ही हात यायचे आणि प्राचीच्या डोळ्यांवर गच्च बसायचे. त्या काळी अशीच पद्धत होती, घरोघरी. बाकीच्या पोरांना "खाली बघ" म्हटलं की भागायचं. पण प्राचीवर जबाबदारी होती. काका विचारायचे, "मग?" आणि हिच्या डोळ्यांपुढे अंधार!

पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती क्षणभर अडखळली आणि म्हणाली, "मग... मग कुत्रा आला."

कुत्रा का? तर तिला कुत्रा पाळायचा होता आणि अण्णा पाळू देत नव्हते, म्हणून. तपकिरी, एक कान दुमडलेला. तो बागेत यायचा, महालात यायचा, होडीतसुद्धा यायचा. हिंदी सिनेमातली दोन माणसं जवळ आली की कुत्रा आलाच. आणि मजा बघा, खोलीत वीस माणसं, वीस जणांना ढळढळीत दिसतंय की कुत्रा नाही. पण बोलणार कोण? कुत्रा नाही म्हटलं तर मग काय आहे ते सांगायला नको का? तेव्हा सगळे ओठ दाबून बसायचे आणि गंगुबाई, ज्यांना स्वतःच्या डोळ्यांनी सगळं दिसत होतं, त्यासुद्धा गंभीरपणे म्हणायच्या, "गुणी आहे हो कुत्रा."

ओट्याला टेकून प्राची एकटीच हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. ते घर गेलं, ती सतरंजी माळ्यावर गेली, अण्णा गेले, गंगुबाई गेल्या. पण श्रीपादकाका होते. जुनी इमारत पाडायला घेतली तेव्हा ते पुतण्याकडे ठाण्याला राहायला गेले होते. दिवाळीला फोन व्हायचा, मग तोही राहत गेला. डोळ्यांशिवाय कसं जगायचं हे आईला सांगू शकेल असा दुसरा माणूस तिच्या माहितीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बँकेतून निघाली ती थेट ठाण्याला, टेंभी नाक्यावर काकांकडे गेली. काका पहिल्या मजल्यावर खिडकीशी बसले होते, केस पांढरे झालेले, पाठ मात्र ताठ. दारात पाऊल टाकून तिने "काका" म्हटलं.

"प्राची!" काका म्हणाले. "अगं, आवाज केवढा जाड झाला तुझा!"

"काका, मीच जाड झालेय."

"ते जिन्यावर कळलंच."

चहा झाला. नवरात्रात इथे दहा दिवस कशी झोप मिळत नाही ते काकांनी सांगून झालं. मग प्राचीने आईचं सगळं सांगितलं, पाठ, कबुतरं, चष्मा, सगळं. आणि म्हणाली, "तुम्ही एकदा येऊन तिला समजवा ना. तुम्ही शिकवलंत तर ऐकेल ती."

काकांनी रिकामा कप चाचपून बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मी काय शिकवणार गं? मी कधी बघितलेलंच नाही, त्यामुळे माझं काही गेलेलं नाही. वहिनींचं गेलंय. मी त्यांना शहाणपण सांगायला गेलो तर त्या मला गॅलरीतून खाली टाकतील, आणि बरोबर करतील." आणि पुढे म्हणाले, "पण सिनेमाला येईन. बऱ्याच दिवसांत कोणी बोलावलं नाही. रविवारी येऊ? साडेपाचला?"

प्राचीला वाटलं, ह्यांना नीट कळलेलं नाही. पण नाही कसं म्हणणार?

रविवारी पुतण्याने गाडीतून आणून सोडलं. काका लिफ्टमधून काठी टेकत आत आले आणि आल्या आल्या म्हणाले, "सतरंजी कुठाय?" आता आली का पंचाईत! प्राचीने माळ्यावरून ती निळी सतरंजी काढली, झटकली, हॉलमध्ये अंथरली. काकांना खाली बसणं आता जमत नव्हतं. ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले, चपला काढल्या आणि पाय मात्र सतरंजीवर ठेवले. गॅलरीतून सुमतीबाई म्हणाल्या, "बसा हं, भाऊजी." आणि पाठ तशीच.

"वहिनी, स्टेशनमास्तरचा सिनेमा बघू या म्हणतो."

"बघा तुम्ही. माझं बघून झालंय."

उर्वीने मोबाइलवर शोध शोध शोधलं. कुठला स्टेशनमास्तर, कुठला सिनेमा! काळापांढरा, जुना, नाव कोणालाच आठवत नाही. "नाही मिळत," ती म्हणाली. "दुसरा कुठला लावू?"

"कशाला? मला पाठ आहे," काका म्हणाले. "प्राचीने सांगितलेला शब्दन् शब्द पाठ आहे. मी सांगतो. प्राची, तू बस खाली."

प्राची सतरंजीवर बसली. उर्वी दाराला टेकून उभी राहिली. आणि काकांनी सुरुवात केली, चक्क चौथीतल्या प्राचीच्या सुरात. "घाट आहे. छोटं स्टेशन आहे. गाडी थांबते. एक लाल साडीवाली पाणी प्यायला उतरते. पाणी पिते पिते आणि गाडी जाते निघून."

गॅलरीतून काही नाही.

"मग स्टेशनमास्तर येतो. त्याच्या हातात कंदील आहे. तो म्हणतो, लाल साडीवाली, तू कोण?"

"लाल कुठली!" गॅलरीतून आवाज आला. "टीव्ही काळापांढरा होता."

"असेल. माझी एवढी वर्षं लालच आहे," काका म्हणाले. "मग तो तिला आपल्या क्वार्टरमध्ये नेतो. तिथे त्याची म्हातारी आई आहे, खाटेवर. ती लाल साडीवालीला भाकरी देते."

"भाकरी नाही हो, चहा. पितळी पेल्यात. पदराने धरून देते."

"असं? पदराने? हे प्राचीने सांगितलं नव्हतं."

"तिला कुठलं दिसायला! तेव्हा ही शेंगा सोलत होती."

खुर्ची करकरली. प्राचीने मान वळवली नाही. वळवली असती तर आई थांबेल अशी तिला भीती वाटली. काका आपले शांतपणे पुढे निघाले. दुसरी गाडी चार दिवस येत नाही, दरड कोसळलेली असते. मग गाणं. मग ती दोघं रुळावरून चालतात. "चालता चालता जवळ येतात," काका म्हणाले. "आणि मग कुत्रा आला."

उर्वी फिसकन हसली. सुमतीबाईही हसल्या. हो, हसल्याच! प्राचीने आईचं ते हसणं ऐकलं आणि तिने सतरंजीची किनार मुठीत घट्ट धरली.

"अहो भाऊजी, कुत्रा नव्हता हो. कधीच नव्हता."

"मला माहीत आहे, वहिनी."

"म्हणजे?"

"कुत्रा यायच्या आधी तुमच्या बांगड्या वाजायच्या. दर वेळी. मी काय समजायचं ते समजायचो. पोर इतक्या मनापासून कुत्रा सांगायची, मोडवेना." काका पुढे वाकले. "पण वहिनी, एवढी वर्षं कुत्र्यावर भागवलं. तुम्ही म्हणता तुमचं सगळं बघून झालंय. माझं नाही ना झालं! आता खरं सांगा की. तिथे होतं काय?"

सुमतीबाई उठल्या. खुर्ची फरफटत आत आणली, सतरंजीच्या कडेला ठेवली आणि काकांच्या बाजूला तोंड करून बसल्या. पदर सारखा केला. "काही नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "दोन फुलं दाखवायचे. एकमेकांवर आपटणारी."

"बस्स?"

"बस्स. कधी दोन पक्षी. एकदा नुसता स्टोव्हवरचा उकळता चहा."

"आणि त्यासाठी तू माझे डोळे दाबायचीस?" प्राची ओरडलीच. "आई, दुखायचे गं!"

"मला काय माहीत फुलंच दाखवणार आहेत! आधी दाबायचे, मग बघायचे."

हसून हसून काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सुमतीबाईंना आता राहवेना. त्यांनी सिनेमाच हातात घेतला. स्टेशनवरची घंटा कशी होती, दरड कोसळल्यावर धूळ कशी उडाली, नायकाची टोपी एका बाजूला कशी कललेली, आईच्या खाटेवरच्या गोधडीला कोणत्या कोपऱ्यात ठिगळ होतं, सगळं. बोलताना हात हलत होते, मान डोलत होती. समोर बघताना मध्ये डाग असेल तर असेल, पण हे आत होतं आणि त्याच्यावर कसलाही डाग नव्हता. काका मध्ये मध्ये म्हणत होते, "मग?" आणि सुमतीबाई पुढे सुटत होत्या. प्राची आईच्या तोंडाकडे बघत बसली. तिला इतकं बरं वाटत होतं की बोलायची सोय नव्हती.

"मग ती जाते निघून," सुमतीबाई म्हणाल्या. "आणि खूप वर्षांनी परत येते. केस पांढरे झालेले. गाडीतून उतरते. क्वार्टरचं दार उघडं असतं. आत जाते तर म्हातारीची खाट रिकामी. गोधडी घडी करून ठेवलेली." त्या थांबल्या. "ती खाटेवर बसते. तो दारात येतो, कंदील खाली ठेवतो. संपला सिनेमा."

"असा संपतो?" प्राची म्हणाली. "मग शेवटी पण डोळे का झाकलेस? मला आठवतंय, शेवट मी बघितलाच नाही. मी कुत्रा सांगितला आणि लोक उठायला लागले."

सुमतीबाईंनी पदर परत सारखा केला.

"वहिनी," काका हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी बांगड्या एकाच हाताच्या वाजल्या. एरवी दोन्ही हातांच्या वाजायच्या. मला वाटलं, दुसऱ्या हाताला काही लागलंय की काय. विचारलं नाही."

खाली वाण्याकडे कोणीतरी स्कूटर चालू केली आणि गेली. सुमतीबाईंनी आपला डावा हात मांडीवर ठेवला होता, त्याच्यावर उजवा हात ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. ऐंशी उलटलेल्या बाईचे कान!

"उर्वी, तू आत जा," त्या म्हणाल्या.

उर्वी आईकडे बघत आत गेली.

"प्राची, डोळे मीट."

"आई, मी पन्नाशीची झाले!"

"मीट म्हणते ना."

प्राचीने डोळे मिटले.

"माझी आई गेली, त्याच्यानंतरचा सिनेमाचा तो पहिला रविवार होता," सुमतीबाईंचा आवाज आला. "मी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. चौदावा करून परत आले. दोन रविवार टीव्ही उघडला नव्हता ह्यांनी. त्या दिवशी उघडला, म्हणाले, लोकांना यायला बरं वाटेल. मी काही बोलत नव्हते तेव्हा. आले तशी कामाला लागले. रडले पण नव्हते. आणि ती गोधडी दाखवली. आमच्याकडे खाटेवर तशीच ठेवली होती, घडी करून." आवाज थांबला, परत आला. "मला रडू फुटलं. तोंडात पदर धरला. सगळे पुढे बघत होते. ह्यांना कसं कळलं देव जाणे. खुर्चीवरून उठले. मला वाटलं बाहेर चालले. तर खाली आले, सतरंजीवर, माझ्या शेजारी. वीस माणसांत. आणि माझा हात धरला. कधी असं नाही, आधी नाही, नंतर नाही. चांगला घट्ट धरला. ही पुढ्यात बसलेली. हिने मान वळवली असती तर..."

"म्हणून झाकलेत," काका म्हणाले.

"म्हणून झाकले. एक हात मोकळा होता, त्याने."

प्राचीच्या मिटलेल्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. निळी सतरंजी, शेंगांची टरफलं, पडद्याचा हलता उजेड आणि त्या उजेडात अण्णा. खुर्ची रिकामी ठेवून खाली बसलेले अण्णा. त्या हाताची आठवण तिच्या डोळ्यांवर होती, हातभर मागे काय चाललंय ते मात्र तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. पापण्यांखालून पाणी गालावर आलं, ते तिने पुसलं नाही.

मग काकांनी विचारलं, तोच जुना प्रश्न, त्याच सुरात.

"मग?"

"मग काय," सुमतीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात रडू आणि हसू दोन्ही होतं. "मग कुत्रा आला."

प्राचीने डोळे उघडले नाहीत. आईने अजून उघड म्हटलं नव्हतं.